शंभर पावलांची पुळण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आंजर्ल्याच्या घरी कायमचा राहायला गेलास, याचा फार आनंद झाला. समोरच्या पुळणीवरचं प्लास्टिक बघवत नाही आणि एकट्याने काय होणार, असं तू लिहिलं आहेस. एकट्याने अख्खा किनारा होणार नाही, पण शंभर पावलं नक्की होतात. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये फक्त एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन सुरुवात केली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. तिथे पुढे शेकडो माणसं जोडली गेली हे खरंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ती माणसं आठवड्यामागून आठवडा त्याच जागी येत राहिली.

म्हणून आधी जागा ठरव. घरासमोरची शंभर पावलं मोज, दोन्ही टोकांना एखादं सुरूचं झाड खूण म्हणून धर आणि वर्षभर तेवढंच सांभाळ. आज इथे, उद्या तिथे केलंस तर कचरा कुठून येतो ते कधीच कळणार नाही.

वेळ तिथीवरून ठरव. कोळ्यांचा हिशेब तुला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं आणि कचऱ्याची एक रेघ तिथे सोडून जातं. मग भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरतीचे दिवस, येईपर्यंत ते रोज थोडं खालीच थांबतं. ती वरची रेघ पुढच्या उधाणापर्यंत उन्हात तडकत राहते, नाहीतर वाऱ्याने वाळूखाली जाते. तेव्हा तृतीया-चतुर्थीची सकाळ, सात ते नऊ, महिन्यातून दोनदा. बाकीचे दिवस चुकले तरी चालतील, हे चुकवू नकोस.

सामान थोडंच लागतं. तळव्याला रबर लावलेले सुती हातमोजे, लांब चिमटा, धारदार विळा आणि तागाच्या दोन गोण्या. सिमेंटची रिकामी पिशवी मजबूत वाटते, पण तीही विणलेल्या प्लास्टिकचीच. उन्हाने जुनी झाली की तिचे दोरे सुटतात आणि आपणच नवा कचरा करून ठेवतो. गोणी अर्धीच भर. दहा लिटरच्या बादलीभर ओल्या वाळूचं वजन १८-२० किलो होतं, आणि कचऱ्याबरोबर वाळू आत जातेच. प्रत्येक वस्तू गोणीत टाकण्याआधी दोनदा झटक.

उचलण्याचा क्रम बहुतेक लोक उलटा धरतात. बाटल्या मोठ्या दिसतात म्हणून त्या आधी उचलल्या जातात. खरं तर बाटली पुढच्या पंधरवड्यातही बाटलीच असेल. थर्माकोल मात्र पायाखाली आला की त्याचे मणी होतात, आणि ते मणी कोणाच्याच हाती लागत नाहीत. म्हणून पहिला थर्माकोल, मग बोटाने दाबली की चुरा होणारी पांढरी पडलेली पिशवी, मग दोऱ्यांचे तुकडे, आणि बाटल्या शेवटी. किनाऱ्यावरची वाळू उन्हात तापते, वर हवा आणि ऊन दोन्ही थेट, म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या पिशवीपेक्षा किनाऱ्यावर पडलेली पिशवी लवकर ठिसूळ होते. किनाऱ्यावर उचललेल्या एका पिशवीला एवढी किंमत आहे ती यामुळे.

शेवाळ, लाकूड, माकुलाचं पांढरं हाड आणि शिंपले उचलू नकोस. वाळलेल्या शेवाळाखालचे किडे खायला तुतवार आणि चिखल्या हे पक्षी येतात. शेवाळ हलकेच उचल, त्यात अडकलेलं प्लास्टिक काढ आणि ते तिथेच परत ठेव. मर्यादवेल उपटू नकोस, वाळू धरून ठेवते ती तीच. दाताळं किंवा फावडं त्या पट्ट्यात अजिबात नको. कासवांच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, कासवमित्राची पहाटेची फेरी होईपर्यंत थांब. तुझ्या पावलांनी मादीचा माग पुसला गेला तर त्याला घरटं सापडणार नाही. पावसाळ्यात फुगलेली निळसर पिशवी दिसली तर हात लावू नकोस. ती ब्लू बॉटल हा जेलीफिशसारखा विषारी जीव असू शकते, आणि मेलेलीही डंख करते. इंजेक्शनची सुई चिमट्याने जाड बाटलीत टाक, झाकण घट्ट लाव आणि बाटली प्राथमिक आरोग्य केंद्रात दे.

जाळ्याचं जरा वेगळं. आधी खात्री कर की ते टाकून दिलेलंच आहे. वाळत घातलेलं जाळं कोणाचं तरी पोट असतं, आणि तसं एखादं उचललंस तर वाडीत पुन्हा तुझं कोणी ऐकणार नाही. अर्धवट पुरलेलं जाळं एका टोकाने ओढू नकोस. ओढलं की आतली वाळू आवळली जाते, नायलॉन तुटतं आणि निम्मं खालीच राहतं. चहूबाजूंनी हाताने वाळू मोकळी कर, सुटेल तेवढं विळ्याने कापून घे, उरलेल्याची जागा लक्षात ठेव आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा जा. दोर धडधाकट असेल तर खलाशांना विचार, बरेचदा त्यांना तो हवा असतो.

बारीक तुकड्यांसाठी एक बादली पुरते. रेघेवरची वरची दोन बोटं वाळू घे, बादली एक तृतीयांश भर, समुद्राचं पाणी ओत, ढवळ आणि मिनिटभर थांब. झाकणांचे, पिशव्यांचे, दोऱ्यांचे बरेच तुकडे वर येतात, ते चहाच्या गाळणीने काढ. पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि नायलॉन मात्र खारट पाण्यातही बुडतात, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. चाळण वापरायची तर वाळू पूर्ण कोरडी हवी, ओली वाळू जाळी लगेच बुजवते. वाळूत मसुरीएवढे गोल, एकसारखे दाणे दिसले तर ते प्लास्टिकचा कच्चा माल असतात. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडालं, तेव्हा असे दाणे तिथल्या किनाऱ्यावर आले होते.

गोळा केलेलं त्याच दिवशी घरी ने. रात्रभर पुळणीवर ठेवलेली गोणी कुत्री फाडतात, नाहीतर भरती घेऊन जाते. भंगारवाला स्वच्छ आणि कोरडं असेल तरच घेतो. बाटल्या, डबे, कॅन वेगळे काढ, गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळव. वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या तो घेणार नाही, त्या ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात दे. जाळू नकोस आणि पुरू नकोस. पुरलेलं पुढच्या पावसाळ्यात उघडं पडतंच.

घरातलंही एक सांगतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नकोस. चीर दे, पण तो तुकडा पिशवीला चिकटलेलाच राहू दे. वेगळा झालेला कोपरा ना भंगारात जातो ना झाडूत येतो, तो थेट गटारातून खाडीत जातो.

आणि एक वही ठेव. तारीख, तिथी, आणि पाच रकाने: जाळी-दोर, बाटल्या-झाकणं, खाऊची पाकिटं, चहाचे कप-चमचे, कानकाड्या-औषधांची पाकिटं. पहिला रकाना जास्त तर बोलणं बंदरावर करायचं. चौथा जास्त तर टपरीवाल्याशी, त्याला झाकणाचा डबा हवा, उघडा नको. पाचवा जास्त असेल तर कचरा खाडीतून येतो आहे, तेव्हा वाडीतल्या गटाराच्या तोंडाशी पहिल्या पावसाआधी जाळी बसवायची आणि दर पावसानंतर ती मोकळी करायची, नाहीतर पाणी तुंबेल आणि लोक ती काढून टाकतील.

पहिल्या चार नोंदी झाल्या की पानांचे फोटो पाठव. जाळ्यांचा रकाना किती भरतो, त्यावरून पुढचं ठरवू. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
विनय