उमेद भवनात रुजू होण्यापूर्वी

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जोधपूरच्या उमेद भवन पॅलेसमध्ये तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार आनंद झाला. तिथे येणारे पाहुणे तुला वैभवाविषयीच विचारतील, पण ती वास्तू मुळात दुष्काळामुळे उभी राहिली, हे तुला नीट ठाऊक असावे.

मारवाडात पावसाने लागोपाठ दगा दिला, तेव्हा रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंह यांनी १८ नोव्हेंबर १९२९ रोजी चित्तर टेकडीवर पायाभरणी केली. काम १९४३ पर्यंत चालले आणि दोन ते तीन हजार माणसांना त्यावर रोजगार मिळाला. ३४७ खोल्यांचा राजवाडा हा दुष्काळावरचा उपाय कसा, असा आक्षेप तुझ्या कानावर येईलच. १९७२ च्या दुष्काळात तुझ्या आजीने खडी फोडली आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणली. म्हणून तो आक्षेप मला समजतो, पण पूर्णपणे पटत नाही. खडी फोडणाऱ्याच्या हाती केवळ मजुरी पडते. इथे पाथरवटांना पोटाबरोबर आपले कसबही टिकवता आले.

ते कसब भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहा. वास्तुविशारद हेन्री व्हॉन लँचेस्टर यांच्या आराखड्यानुसार वालुकाश्माचे चिरे असे घडवले आहेत, की एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा घट्ट बसतो आणि मध्ये चुना भरावा लागत नाही. मधल्या घुमटाखाली उभा राहिलास, की १०५ फूट उंचीपर्यंत नजर जाईल. बाहेरून राजपुताना आणि युरोप यांचा मेळ दिसतो, आत मात्र सगळा आर्ट डेको, म्हणजे भौमितिक आकारांची त्या काळातली सजावटशैली, आहे. लंडनच्या मेपल्स कंपनीकडून मागवलेले फर्निचर युद्धकाळात जर्मनांनी जहाजासकट बुडवले, तेव्हा आपला देश सोडून भारतात आलेल्या स्टीफन नॉर्ब्लिन या पोलिश चित्रकाराने नव्याने अंतर्गत सजावट आखली आणि भिंतींवर रामायणातील प्रसंगही रंगवले. वॉर्साच्या माणसाचा राम कसा दिसतो, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे.

उमेदसिंहांना या घरात जेमतेम चार वर्षे लाभली. १९४७ मध्ये ते वारले. पुढे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि एवढी वास्तू सांभाळायची कशी, हा प्रश्न त्यांचे नातू गजसिंह यांच्यापुढे आला. तो विकून न सोडवता त्यांनी एका भागात हॉटेल सुरू केले, एका भागात संग्रहालय ठेवले आणि उरलेल्या भागात कुटुंब आजही राहते. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. २००५ पासून हॉटेलची व्यवस्था ताज समूह पाहतो, मालकी मात्र घराण्याचीच आहे. त्यामुळे आपण कुणाच्या तरी राहत्या घरात काम करत आहोत, याचे भान ठेव.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी संग्रहालय पाहून घे आणि सविस्तर पत्र लिही.

तुझे
बाबा