कुबेर सर, तेलाच्या गोष्टीसाठी थँक्यू

गिरीश कुबेर सर, नमस्कार.

लोक तुम्हाला अग्रलेखावरून पत्रं लिहितात, त्यातली निम्मी भांडणाचीच असणार. मी पुस्तकांसाठी लिहितोय. अग्रलेख मलाही सगळे पटत नाहीत, टोमणा कधीकधी जरा जास्तच होतो, पण ते राहू दे.

आमच्या रत्नागिरीकडे बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आखातात. माझा मामा कुवेतला होता. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दाम घुसला आणि मामा अम्मानमार्गे विमानाने परत आला, तेव्हा 1 लाख 70 हजारांच्या आसपास भारतीय असे आणले होते. घरात पुढे या विषयावर एकच वाक्य, सद्दाम माथेफिरू, संपलं. मग लायब्ररीत तुमचं 'एका तेलियाने' हाताला लागलं, त्यावरून तेलाचा नादच लागला, आणि हळूहळू कळलं की यात वेडेपणापेक्षा हिशोब जास्त आहे, इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडालेला, त्यात कुवेतचंही देणं, आणि वर कुवेत ओपेकने, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने, ठरवलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतंय हा सद्दामचा राग.

आणि त्या पुस्तकातला यामानी! 1962 ते 1986 सौदीचा तेलमंत्री. 1973 ला अरबांनी नळ आवळला तर तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या आसपास, 1975 ला व्हिएन्नात ओपेकच्या बैठकीतूनच कार्लोस नावाच्या दहशतवाद्याने त्याला ओलीस धरून विमानात घातला, आणि एवढं सगळं होऊन शेवटी मंत्रिपद गेल्याचं त्याला टीव्हीच्या बातम्यांतून समजतं. कादंबरीत वाचलं असतं तर म्हटलं असतं लेखक फेकतोय.

मला वाटतं हे तुम्हाला जमतं कारण तुम्ही मुळात बातमीदार. आधी माणूस, मग त्याचा खिसा, मग तेल. कॉलेजच्या पुस्तकांत उलटं असतं, आधी व्याख्या, माणूस कधी येतच नाही. आणि हे मराठीत, म्हणजे माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याला डिक्शनरी घेऊन बसावं लागलं नाही. रोजचा पेपर सांभाळून 'टाटायन'एवढं जाड पुस्तक माणूस कधी लिहितो हे मला खरंच कळत नाही. मनापासून थँक्यू सर.

मामालाही वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून इकडून तिकडून चाळलं आणि विचारलं, "आमचा पगार बुडाला तो कुठल्या पानावर आहे?"

तुमचा एक वाचक