स्टेम सेल: 'बॅच टाकून द्या' म्हणणारा कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. त्यांच्या उपचारांच्या जाहिरातीत मधोमध एक डॉक्टर उभा असतो. पांढरा कोट, हाताची घडी, खाली परदेशी पदव्या. पण आत पेशी कोण मोजतो, त्या निर्जंतुक असल्याचा दाखला कोण देतो आणि शंका आली तर 'ही बॅच टाकून द्या' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, याचा त्यात उल्लेख नसतो. स्टेम सेल संशोधनाचे नेतृत्व आम्ही या माणसांवरून जोखतो. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जोडून मराठवाड्यात स्टेम सेल संशोधनाचे जाळे कधी विणायचे झालेच, तर नेमणुका याच कसोटीवर व्हाव्यात, म्हणून हे पत्र.

या शास्त्राचा पाया एकट्यादुकट्याने घातलेला नाही. १९६१ साली टोरांटोत किरणोत्सर्गाचा मारा केलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या पेशी टोचल्या, तेव्हा मूळ पेशींपासून वाढून त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी अर्नेस्ट मॅक्युलॉक यांच्या नजरेत भरल्या. ते रक्तविकारांचे डॉक्टर. किती पेशी टोचल्या की किती गाठी उठतात, हा हिशेब जुळवला तो जेम्स टिल या जीवभौतिकशास्त्रज्ञाने. त्याच कॅनडात २००१ साली स्टेम सेल नेटवर्क ही या संशोधनाला चालना देणारी संस्था स्थापन झाली. मायकेल रुडनिकी हे तिचे वैज्ञानिक संचालक झाले, त्यांचे स्वतःचे काम स्नायूंच्या मूळ पेशींवर; पुढे संस्थेचा रोजचा कारभार केट मरे यांच्याकडे आला. प्रयोग कोणता निवडायचा हे एक जण पाहतो, करार आणि पैसा दुसरा. आपल्याकडे अधिष्ठात्यांच्या गळ्यात हारांबरोबर सगळीच पदे पडतात.

लांब जायला नको. नांदेडहून रात्रीत गाठता येणाऱ्या हैदराबादेत, एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत, वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 'स्लेट' ही बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया विकसित केली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हातात फुटते, चुना डोळ्यात जातो आणि बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी जळतात. मग पांढरा पडदा बुबुळावर सरकतो. एका डोळ्याला इजा असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्याचे आठ-दहा बारीक कण करतात आणि बुबुळावर अंथरलेल्या गर्भपटलावर, म्हणजे गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर, फायब्रिन या रक्तातल्या प्रथिनाच्या गोंदाने चिकटवतात. पेशी वाढतात त्या डोळ्यातच. आधी हेच काम महागड्या प्रयोगशाळेत, कित्येक दिवस पेशी वाढवून करावे लागे. ती प्रयोगशाळाच वगळता येईल हे ज्यांना सुचले, त्यांना आम्ही पुढारी मानतो.

आता नियम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हाच स्टेम सेलचा मान्य उपचार. गुडघेदुखी, मधुमेह, ऑटिझम, पाठीच्या कण्याची इजा यांसाठी पेशी वापरायच्या तर त्या मान्यता घेतलेल्या चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल). अशा कामाला नीतिसमितीखेरीज, म्हणजे रुग्णांचे हित जपणाऱ्या समितीखेरीज, संस्थेची वेगळी स्टेम सेल समितीही हवी आणि ती राष्ट्रीय शिखर समितीकडे नोंदलेली असावी, अशी त्या तत्त्वांची अट होती. नीतिसमितीबाबत २०१९ चे चाचणी नियम स्पष्ट आहेत: किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच, एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री सदस्य आणि वैद्यकीशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस हवाच. हा सामान्य माणूस बहुतेक ठिकाणी सही करण्यापुरता असतो. आमची सूचना अशी की तिथे थॅलेसेमियाच्या मुलाची आई किंवा वडील बसवावेत. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येणाऱ्या पालकाला संमतिपत्रातली कोणती ओळ फसवी आहे ते लगेच कळते.

सर्वांत महत्त्वाची खुर्ची गुणवत्ता तपासणीच्या प्रमुखाची. पेशी बनवणाऱ्याच्या हाताखाली तो नसावा. पेशी वाढवल्यावर पाहायचे ते इतके: जिवंत पेशींचे प्रमाण, सहसा ७० टक्क्यांच्या वर, मेसेन्कायमल, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या पेशी असतील तर सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ या पृष्ठभागावरच्या ओळखीच्या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर, आणि रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या आत. शिवाय मायकोप्लाझ्मा हे सूक्ष्म जिवाणू आणि जिवाणूंचे विष त्यात नाही ना, हेही. निर्जंतुकतेची पारंपरिक तपासणी १४ दिवस चालते. घोळ होतो तो इथे. पाहुणे डॉक्टर रविवारी येणार, रुग्णांना वेळ दिलेली, आणि अहवाल अजून आलेला नाही. 'नाही' म्हणणारा माणूस नोकरीला घाबरणारा असेल तर पेशी टोचल्या जातात. 'सकाळी काढले, दुपारी टोचले' अशा ठिकाणी तर पेशी होत्या किती हेही कोणी मोजलेले नसते. मज्जेतल्या एकेंद्रकी पेशींत मेसेन्कायमल पेशी दहा हजारांत ते लाखात एखादी. पुष्कळदा तर स्टेम सेलच्या नावाखाली प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रवच टोचतात. त्यात मूळ पेशी असण्याचा प्रश्नच येत नाही.

साठवणुकीचा माणूस आपल्याकडे आयता मिळेल, आणि तो पशुवैद्यकीय दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात, त्याच तऱ्हेच्या कंटेनरमध्ये पेशीही ठेवतात. पट्टी घालून पातळी मोजणे, झाकण उघडे न ठेवणे, मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेल्यावर नायट्रोजन लवकर भरून घेणे हे त्या कर्मचाऱ्याला शिकवावे लागत नाही. गोठवताना मात्र तापमान मिनिटाला साधारण एक अंश या गतीने खाली आणावे लागते आणि गोठताना पेशी वाचाव्यात म्हणून १० टक्के डीएमएसओ हे रसायन घालावे लागते. वितळल्यावर हेच रसायन पेशींना बाधते, म्हणून त्या लगेच द्यायच्या. गाडी रस्त्यात अडकली म्हणून वितळलेल्या पेशी पुन्हा गोठवून चालत नाही.

संख्याशास्त्रज्ञ हवा, कारण गुडघ्यात नुसते सलाइन टोचले तरी बऱ्याच जणांचे दुखणे काही काळ कमी होते. तुलनेचा गट नसेल तर ते यश पेशींच्या नावावर जमा होते.

आणि पाठपुरावा पाहणारा माणूस. त्याची गणती कोणी नेतृत्वात करत नाही, आम्ही करतो. चाचणीतल्या भेटी तीन, सहा, बारा महिन्यांच्या असतात. उन्हाळ्यात नावनोंदणी केली की सहा महिन्यांची भेट नेमकी ऊसतोडीत येते. दिवाळीच्या सुमारास वडवणी-धारूर भागातली घरे कुलूपबंद होतात, माणसे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. भेट हुकली की त्या रुग्णाचा हिशेब अर्धवट राहतो. असे बरेच झाले की निष्कर्षच लटका पडतो. अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीतही हीच अडचण. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना दिलेला तरुण चार वर्षांनी जुळतो, तोवर त्याचा फोन नंबर बदललेला असतो. आणि ऐनवेळी दाता फिरला तर ते जीवघेणे ठरते, कारण रुग्णाची मज्जा तोवर केमोथेरपीने नष्ट केलेली असते. म्हणून दात्याच्या घरच्यांशी, विशेषतः आईशी, आधीच बोलून ठेवणारा समन्वयक लागतो. पाच दिवस इंजेक्शने, मग रक्तदानासारखीच पण तीन-चार तास चालणारी प्रक्रिया, पाठीच्या कण्याला सुई नाही. एवढे नीट सांगितले तरी निम्मी भीती जाते.

तोवर वाचकांनी जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. भारतीय चाचणी नोंदणीचा, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक काय? तो संकेतस्थळावर टाकून संशोधकाचे नाव, आजार आणि समितीची मान्यता पडताळता येते. नीतिसमितीचा अध्यक्ष कोण आणि तो कुठल्या संस्थेचा? आणि पैसे किती? चाचणीत दिल्या जाणाऱ्या पेशींचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. दर इंजेक्शनला अमुक हजार असे उत्तर आले, तर पहिले दोन प्रश्न विचारण्याचेही कारण उरत नाही.

आपले,
पेशीजीवशास्त्र व रक्तविकार या विषयांचे काही अध्यापक,
लातूर