खोक्यावरचे वॅट आणि जुनी पिकअप

मा. संपादक साहेब,

तुमच्या वाहन पुरवणीतले गाडीतल्या म्युझिक सिस्टीमवरचे लेख मी आवडीने वाचतो, पण त्यात सगळं नव्या गाड्यांचंच असतं, वीस-पंचवीस वर्षं जुनी पिकअप चालवणाऱ्याने काय करायचं हे कुणी सांगतच नाही. माझ्याकडे अशीच एक आहे, सिंगल केबिनवाली, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट वॅटची. डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डातल्या म्युझिक प्लेअरच्या, खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ असं ठळक छापलेलं असतं आणि माणूस तिथेच भुलतो. आता त्याच डेकच्या मागचा फ्यूज बघा, कितीतरी डेकना १० अँपियरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत १४ च्या आसपास व्होल्ट असतात, म्हणजे फार तर १४० वॅट आत जाणार, त्यातले निम्मे तर गरम होण्यातच जाणार, मग २०० वॅट बाहेर पडणार कुठून? तो आकडा क्षणभराच्या कमाल पॉवरचा असतो. सलग मिळते ती आरएमएस पॉवर, ती एका चॅनलला साधारण १५ ते २० वॅट भरते, आणि ती मात्र मॅन्युअलमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात. खरं सांगायचं तर एवढ्याशा केबिनला तेवढी पुरते पण, फक्त स्पीकर घेताना त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा आवाज देतो ते, बघायची, ८७ ऐवजी ९० डेसिबलचा घेतला की तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते. हे कुठला दुकानदार आपणहून सांगतो?

दुसरं म्हणजे दरवाजे. जुन्या पिकअपचं डोअर पॅनल काढलं की आत मोठमोठी भोकं दिसतात, आतला प्लॅस्टिकचा कागद फाटलेला नाहीतर गायबच. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्या भोकांतून पुढे येतो, पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस जातो, मग लोक म्हणतात स्पीकरच खराब. भोकं नीट बंद करा, पत्र्याची थरथर दाबणारी ब्युटिल रबराची शीट त्याला चिकटवा, साध्या स्पीकरचा आवाजही भरीव होतो. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात ती मात्र बुजवू नका, नाहीतर दरवाजा आतून सडतो. आणि स्पीकर कसायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, मागचं मॅग्नेट काचेला लागत नाही ना.

पण मला सगळ्यात जास्त कळकळीने लिहायचंय ते वायरिंगबद्दल. जुनी गाडी चार हातांतून फिरलेली असते, प्रत्येकाने कंपनीचा सॉकेट कापून वायरी पिळून टेप गुंडाळलेली असते, ते सगळं आधी साफ करा. त्यात अ‍ॅम्प, म्हणजे पॉवर वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, बसवायचा असेल तर बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरीचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे. बसवणारे बरेचदा तो सीटखाली अ‍ॅम्पजवळ लावतात, कारण तिथे काम सोपं पडतं. आता ती वायर इंजिनाच्या मागच्या पत्र्याच्या भोकातून आत येते, तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, नसेल तर धक्क्यांनी पत्र्याची धार वायरीचं आवरण कापते, शॉर्ट होतो, आणि फ्यूज शॉर्टच्या पुढे, सीटखाली असल्यामुळे तो उडतच नाही, बॅटरीचा सगळा करंट त्या वायरीतून पत्र्यात जातो आणि वायर पेट घेते. म्हणजे तो फ्यूज वायरीसाठी असतो, अ‍ॅम्पचा स्वतःचा वेगळा असतो.

वायर घेताना टोक सोलून ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती वर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा कमी करंट नेते. अर्थिंगची वायर देताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नट-बोल्टने घट्ट द्या, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कूंऽऽ असा चढता आवाज येतो ना, त्याचं मूळ बरेचदा ढिल्या अर्थिंगमध्ये असतं. डेकपासून अ‍ॅम्पपर्यंत सिग्नल नेणारी आरसीए केबलही पॉवरच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्यावी. वूफर हवाच असेल तर सीटमागे मावणारे पातळ ८ इंची मिळतात, पण ते सगळं नंतर.

तर विनंती अशी की पुरवणीत एखाद्या सिस्टीमची माहिती देताना खोक्यावरच्या वॅटच्या जागी आरएमएस आणि फ्यूजचा आकडा छापा, कंपन्या आपोआप तो पुढच्या बाजूला आणतील. आणि बॅटरीजवळचा फ्यूज आणि पत्र्यातला ग्रॉमेट कसा दिसतो याचा एक मोठा फोटो छापा, म्हणजे गाडी दुकानातून घेताना बोनेट उघडून ताडून बघता येईल.

आपला,
एक पिकअपवाला वाचक