जूनची नोटीस आणि दरडीखालचे घरकुल : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : दरडप्रवण वाड्यांच्या आपत्तीपूर्व पुनर्वसनासाठी सौम्यीकरण निधीतून (आपत्ती येण्याआधीच धोका कमी करण्यासाठीच्या निधीतून) घरबांधणीची तरतूद करण्याबाबत

महोदय,

जून लागला की सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये दरवर्षी एक कागद फिरतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तो घेऊन येतात, दारातच पोच म्हणून सही किंवा अंगठा घेतात आणि पुढच्या घराकडे वळतात. आपले घर दरडप्रवण क्षेत्रात आहे, अतिवृष्टीच्या काळात आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण स्वतः जबाबदार राहाल, असा त्या कागदाचा आशय असतो. ते सुरक्षित स्थळ कोणते, हे मी पाहिलेल्या एकाही नोटिशीत लिहिलेले नव्हते.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका वाडीत गेलो असता एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यात रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि सहा वर्षांच्या सहा नोटिसा नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. मजकूर सगळ्यांत एकच होता, बदलली होती ती तारीख आणि खालची सही. त्या वाचून मी मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर शासकीय घरकुल योजनेचे नाव, लाभार्थ्याचे नाव आणि मंजुरीचे वर्ष रंगवलेले होते. ज्या घरात राहणे धोक्याचे आहे असे शासन दर जूनमध्ये लेखी कळवते, ते घर त्याच जागी बांधायला पैसे शासनानेच दिले होते. हे पत्र मी या एका विसंगतीपायी लिहीत आहे.

यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. घरकुल मंजूर करताना लाभार्थ्याकडे जागा आहे का, हे पाहिले जाते. त्या जागेच्या वर काय आहे, हे पाहण्याची सक्ती नाही. माझ्या नोकरीच्या काळात मीही अशा कामांच्या कागदांवर सह्या केल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न मलाही पडला नव्हता. उतारावर सपाट जागा मिळत नाही म्हणून जोत्यासाठी डोंगराचा पायथा कापला जातो आणि छपराचे पाणी नेमके त्या कापलेल्या भागाच्या मुळाशी पडते. काळ्या पाषाणावर मुरमाचा आणि मातीचा जो थर असतो, तो काही दिवस संततधार लागली की पाणी पिऊन जड होतो; खालच्या कातळात पाणी मुरत नाही, आणि दोहोंच्या मधल्या पृष्ठावरून वरचा सगळा थर घरांसकट घसरतो. दरड या शब्दाने डोळ्यांपुढे कोसळणारा दगड येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चिखलाचा लोट येतो आणि झोपेतल्या माणसाला उठायलाही अवधी देत नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण 30 जुलै 2014 रोजी याच रीतीने गाडले गेले. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते एका एसटी चालकामुळे. 151 माणसे गेली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले, तेथे ऐंशीहून अधिक मृत्यू झाले, आणि त्याच दोन-तीन दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे, तर खेड तालुक्यातील पोसरे येथेही माणसे मातीखाली गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाट पायी चढून जाण्याची असल्यामुळे तेथे यंत्रे पोहोचलीच नाहीत. 27 मृतदेह मिळाले, 57 जणांचा शोध लागला नाही आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. या सर्व तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि भाताची लावणी याच दिवसांत ऐन भरात असते. आवण, म्हणजे लावणीची रोपे, तयार असताना, खाचरात पाणी उभे असताना घर सोडून आठ-दहा किलोमीटरवरच्या शाळेच्या खोलीत जाऊन बसा, असे आपण ज्या माणसाला सांगतो, त्याचे वर्षाचे पोट त्या पंधरा दिवसांवर अवलंबून असते. शाळेत गुरे नेता येत नाहीत, म्हणून घरातले एक माणूस मागे राहते, आणि ते बहुधा म्हातारे असते.

या गावांना घरे मिळाली, हे मान्य केले पाहिजे. माळीणची नवी वसाहत 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिली गेली. परंतु त्याच वर्षीच्या जूनमधल्या जोरदार पावसात तेथील रस्त्यांना तडे गेले आणि भराव खचला, कारण जागा पुन्हा उतारावरचीच होती आणि ती भर घालून सपाट केलेली होती. तळियेचे आणि इर्शाळवाडीचे लोक पक्क्या घराची वाट पाहत कंटेनरमध्ये राहिले. तरीही घरे, रस्ते, नळपाणी यांवर शासनाने पैसा खर्च केला, म्हणजे पैसा होता. तो माणसे मेल्यानंतर मोकळा झाला. जिवंत वाडीला तोच पैसा का मिळत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

निधीची व्यवस्था कागदावर तरी वेगळी आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 48 मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवर प्रतिसाद निधीबरोबरच, म्हणजे आपत्ती आल्यावरच्या मदतीच्या निधीबरोबरच, सौम्यीकरण निधीही असावा, असे सांगितलेले आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता 1,60,153 कोटी रुपयांची शिफारस केली, त्यातील 80 टक्के प्रतिसादासाठी आणि 20 टक्के, म्हणजे सुमारे 32 हजार कोटी, सौम्यीकरणासाठी. आपल्यासारख्या राज्यात यातील 75 टक्के वाटा केंद्राचा आणि 25 टक्के राज्याचा असतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे : सौम्यीकरणाचा पैसा स्थानिक पातळीवरच्या, लोकांच्या सहभागाच्या आणि पर्यावरणाला धरून असलेल्या वस्त्या व उपजीविका उभ्या करणाऱ्या कामांसाठी वापरावा, समुद्रभिंती आणि पुराचे बंधारे यांसारखी मोठी कामे नेहमीच्या विकास योजनांतून करावीत, असे आयोगाने स्पष्ट म्हटले आहे. वस्ती हा शब्द खुद्द आयोगाच्या विचारात आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दरड सौम्यीकरणासाठी 15 राज्यांना मिळून 1,000 कोटींचा प्रकल्प मंजूर केला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 100 कोटी आले. हा पैसा आला की अंदाजपत्रकात पहिली दिसते ती संरक्षक भिंत. भिंतीला माझा विरोध नाही, मी आयुष्यभर भिंतीच बांधल्या. पण भिंत बहुतेक वेळा रस्ता वाचवते. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीवरचा सगळा डोंगर भिंतीने आवरत नाही, आणि जेथे तो आवरता येईल तेथेही त्या खर्चात वाडीतल्या प्रत्येक कुटुंबाला खाली सपाटीवर घर देता येईल का, हा हिशेब निविदा काढण्यापूर्वी मांडला जात नाही. तो मांडणे सक्तीचे करावे.

आता घराच्या रकमेविषयी. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये मूळ अनुदान सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी 1 लाख 30 हजार रुपये ठरलेले आहे. डोंगरासाठी दहा हजार जास्त! वाळू, विटा आणि सिमेंट डोक्यावरून वर न्यायच्या मजुरीलाही ही रक्कम पुरत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. शिवाय ज्याचे आधीच पक्के घर आहे तो या योजनेत बसत नाही. म्हणजे ज्या आजींना पूर्वी घरकुल मिळाले, त्यांना सुरक्षित जागी दुसरे मिळणार नाही. त्यामुळे माझी पहिली मागणी अशी की, भूवैज्ञानिकांनी धोकादायक ठरवलेल्या जागेवरचे घर, मग ते कितीही पक्के असो, घरकुलाच्या पात्रतेसाठी घर म्हणून मोजू नये, आणि आवास योजनेचे अनुदान व प्रत्यक्ष खर्च यांतील फरक राज्याच्या सौम्यीकरण निधीतून भरून काढावा. केंद्राचे निकष आड येत असतील तर निदान राज्याच्या स्वतःच्या घरकुल योजनांमध्ये ही सूट आजही देता येईल.

दुसरी अडचण जागेची आहे आणि ती पैशाहून कठीण आहे. वाडीच्या खाली सपाट जमीन असते, पण ती एकतर वनविभागाची असते किंवा खासगी, आणि रस्ता जवळ असेल तर तिचा भाव आदिवासी कुटुंबाच्या आवाक्यातला राहत नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) अन्वये शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी यांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, मात्र त्या यादीत राहते घर नाही. राज्यपालांनी 2020 च्या सप्टेंबरमध्ये अधिसूचना काढून घरांसाठीही अशी जमीन देण्याची सोय केली, पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागापुरती. रायगड जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. तळिये आणि इर्शाळवाडी ही दोन्ही नावे रायगडची आहेत, हे लक्षात घेता या एका मुद्द्यावर राज्याने केंद्राकडे धोकादायक वाड्यांसाठी स्वतंत्र प्रस्ताव न्यावा, आणि तोवर जिल्हाधिकाऱ्यांना सौम्यीकरण निधीतून बाजारभावाने खासगी जमीन घेऊन तेथे गावठाण घोषित करण्याचा अधिकार द्यावा. जमीन शेतापासून पायी अर्ध्या तासाच्या आत असावी. त्यापेक्षा लांबची वसाहत पावसाळ्यात रिकामी होते आणि माणसे जुन्याच छपराखाली परततात.

धोका कोठे आहे, हे ठरवायचे कसे? इर्शाळवाडी संभाव्य दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे विधानसभेतच सांगितले गेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तयार केलेले संवेदनशीलतेचे नकाशे 1:50,000 प्रमाणाचे आहेत. त्यांत एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, म्हणजे दीडशे मीटर रुंदीची वाडी तेथे तीन मिलिमीटरची होते. ते नकाशे निरुपयोगी नाहीत, ते सुरुवात आहेत. दुसरीकडे, घरकुलाच्या प्रत्येक हप्त्यापूर्वी मोबाइलवरून अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढले जाते, त्यामुळे राज्यातल्या लाखो घरकुलांचे नेमके ठिकाण शासनाच्या संगणकात आहे. हे दोन थर एकमेकांवर ठेवून पाहण्यास नवा निधी लागत नाही, एक आदेश लागतो. त्यातून जी घरे धोक्याच्या पट्ट्यात येतील, तेथे भूवैज्ञानिकाने प्रत्यक्ष जावे आणि वाडीतल्या लोकांना विचारावे. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, चौकटीत दार अडकू लागले, वरच्या अंगाला झाडे कलली, जमिनीत बोटभर भेग पडली आणि ती यंदा हातभर झाली, हे सगळे त्यांना आधी दिसते. फक्त त्याची नोंद करणारी वही कोणाकडे नसते.

लोकांनी स्वतः घर बांधण्याविषयी अनेकदा शंका घेतली जाते. तिचे उत्तर या राज्याने स्वतःच दिलेले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, ती बहुतांशी ठेकेदार आणि देणगीदार संस्थांनी बांधली. त्याखेरीज जेथे गाव हलवायचे नव्हते, तेथे लाखांच्या घरात कुटुंबांनी टप्प्याटप्प्याने मिळालेल्या पैशातून, अभियंत्यांच्या देखरेखीखाली आपापली घरे दुरुस्त आणि बळकट केली. गावोगावी संवाद सहायक नेमले होते, त्यांत स्त्रिया होत्या, आणि कोठे काय अडले आहे ते त्यांच्यामार्फत कार्यालयापर्यंत जात होते. त्या कार्यक्रमातली एक गोष्ट मात्र उचलू नये : नव्या गावांत घराचा आकार जमीनधारणेवर ठरवला गेला, भूमिहीनाला 250 चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला 750. आपत्तीच्या पैशातून जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की करण्याचे कारण नव्हते. घर सर्वांना सारखे असावे, पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, आणि गोठ्यासाठी जागा सोडावी. गुरांना जागा नसेल तर माणूसही तेथे राहत नाही.

अखेरचा मुद्दा हक्काचा आहे. धरणाखाली घर गेले तर महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, 1999 आहे, त्यात नागरी सुविधांची यादी आहे. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, हे मी विसरलेलो नाही. तरी भांडायला त्यांच्या हातात निदान कायदा आहे. दरडीच्या भीतीने उठणाऱ्या कुटुंबाच्या हातात एखादा शासन निर्णय असतो, तोही बहुधा शेजारच्या गावासाठी निघालेला. धोकादायक वस्तीतून शासनाच्या सांगण्यावरून उठणाऱ्याला प्रकल्पबाधिताच्या बरोबरीने हक्क देणारे विधेयक आपल्या विभागाने मांडावे. नव्या जागी गेल्यावर त्याची जुनी शेती आणि वनहक्क अबाधित राहतील, हे त्यात स्पष्ट असावे, कारण घर सोडले की जमीनही जाईल, ही भीती मी जेथे गेलो तेथे ऐकली आहे.

विधेयकाला वेळ लागेल, जमिनीलाही लागेल. येत्या जूनपर्यंत करता येण्याजोगे एक काम मात्र आहे. वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीत एक रकाना वाढवावा : आपल्यासाठी प्रस्तावित केलेल्या नव्या जागेचा गट क्रमांक आणि तेथे घर बांधून पूर्ण होण्याचे वर्ष. जेथे हा रकाना कोरा ठेवावा लागेल, त्या वाड्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपूर्वी आपल्याकडे पाठवावी आणि ती आपण विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात पटलावर ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता