विनोदातला मतदार एवढा लाचार का? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर राजकीय विनोदाला ऊत येतो. नेत्यांच्या नकला होतात, पक्षांतरावर कोट्या होतात. त्या व्हायलाच हव्यात. पण या प्रहसनांत एक पात्र ठरलेलं असतं. मळकं धोतर, गालात तंबाखू, वऱ्हाडी नाहीतर मालवणी बोली, आणि पाचशेची नोट दिसली की पुढे आलेला हात. शेजारी साडीसाठी हटून बसलेली बाई. हा म्हणे मतदार! नेत्याला नुसता चिमटा काढून सोडतात आणि याची मात्र पुरती अब्रू काढतात.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. निवडणुकीच्या ड्युट्या केल्या आहेत. मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत चिठ्ठी जेमतेम 7 सेकंद दिसते. कापूसवेचणीची मजुरी बुडवून आलेल्या बाया त्या काचेवर वाकायच्या आणि चिठ्ठी खाली पडल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत. बाहेर पडताना एखादी हमखास विचारायची, "गुरुजी, नीट पडलं ना माझं?" ही बाई मला अजून एकाही कार्यक्रमात दिसलेली नाही.

2024च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72 टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत जेमतेम 50 टक्के. तरी हसू होतं ते गावाकडच्याचंच. त्याच निवडणुकीत मेळघाटातल्या काही गावांनी पाणी, वीज, रस्ता नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांची भूमिका कुणाला पटो न पटो, ही माणसं विकाऊ नव्हती.

पैसे वाटले जातात, हे मी नाकारत नाही. कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघेही दोषी आहेत. मग विनोद फक्त घेणाऱ्याच्या दारात का थांबतो? पाकीट कुणी भरलं, ते पैसे कुठल्या ठेक्यातून आले, तिथवर हे लेखक जातच नाहीत. दुबळ्यावर हसणं सोपं असतं, तो नोटीस पाठवत नाही.

आपल्याच दूरदर्शननं 1989 साली विनोदी कलाकार जसपाल भट्टी यांचा 'फ्लॉप शो' दाखवला होता. खोटी वैद्यकीय बिलं लावणारे सरकारी नोकर, टेलिफोन खातं, ठेकेदार, सगळ्यांची त्यात हजेरी घेतली होती. आणि हे सरकारी वाहिनीवर! गांजलेल्या माणसाची बाजू घेऊनही पोट धरून हसवता येतं, हे तेव्हा घराघरात दिसलं.

मला बंदी नको, नवी नियमावली तर मुळीच नको. ती आली की आधी नेत्यांवरचाच विनोद बंद पडेल, याची मला खात्री आहे. माझी मागणी दूरदर्शनपुरती आहे. दूरदर्शन ज्या प्रसार भारतीखाली चालतं, तिच्या 1990च्या कायद्यात ग्रामीण विकासाकडे विशेष लक्ष देण्याचं कर्तव्य लिहिलेलं आहे. त्याला धरून सह्याद्री वाहिनीवर आठवड्यातून अर्धा तास राजकीय विनोदाला द्या. यवतमाळ, नांदेड, सिंधुदुर्गातल्या लिहित्या हातांना बोलवा. बोली त्यांची त्यांना बोलू द्या. त्यात मतदारानं प्रश्न विचारावेत आणि उमेदवाराची तारांबळ उडावी. मंत्र्यांवर, अगदी आपल्यावरही विनोद झाला तरी तो कापला जाणार नाही, एवढी हमी आपण जाहीरपणे द्यावी.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक