पोर्तोचा बेत, आईच्या गुडघ्यांच्या हिशेबाने

श्टुटगार्ट

ती. आई-बाबांना सा. न.

व्हिसा झाल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच नकाशा उघडून बसले. दसरा आटोपून तुम्ही इकडे आलात की चार दिवस पोर्तोला जाऊ. याच व्हिसावर पोर्तुगाललाही जाता येतं, वेगळं काही काढायला नको. लिस्बन मुद्दामच घेतलं नाही. टेकड्या दोन्हीकडे आहेत, पण लिस्बनचा पसारा मोठा आणि गर्दीही फार.

आई, "चढावाचं गाव मला कशाला?" असं तू म्हणालीस. पण तुझं दुखणं चढाचं नाहीच, उताराचं आहे. कनकेश्वरला वर जाताना तू आमच्या पुढे होतीस. उतरताना मात्र पायरीपायरीला टेकत होतीस. म्हणून राहायची जागा खाली नदीकाठी बघितलीच नाही. सगळे तिथेच, रिबेरा वस्तीत राहतात, फोटो छान येतात आणि मग रोज घरी परतताना डोंगर उतरतात. आपण वर, बताल्या चौकाजवळ राहू.

एक दिवस असा जाईल. सकाळी बताल्याहून साओ बेंतो स्टेशनपर्यंत चालायचं. थोडा उतार आहे, पण तेवढाच. माझा हात धरून सावकाश चल. तिथून मेट्रो. ती दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून नदी ओलांडते. पूल 1886 सालचा, लोखंडी, दुमजली. वर मेट्रो आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं. मध्ये कठडा वगैरे काही नाही! मी ऑफिसच्या कामाने गेले होते तेव्हा गाडी घंटी वाजवत चालण्याच्या वेगाने येत होती आणि लोक फोटो काढता काढता बाजूला सरकत होते. पलीकडे जार्दिं दु मोरूला उतरून रोपवेने खाली, गाया नावाच्या पलीकडच्या गावाच्या काठावर. मग सपाट रस्त्याने पुलापर्यंत, खालच्या मजल्यावरून रिबेरात, आणि तिथून गिंदाइशच्या फ्युनिक्युलरने थेट वर बताल्याला. आपल्या वणीच्या गडावर आहे तशीच ट्रॉली. मूळची 1891 ची. अपघात होऊन दोन वर्षांतच बंद पडली होती, ती 2004 मध्ये नव्याने बांधली. म्हणजे एवढा फेरा होऊनही मोठा चढ-उतार एकही पायी नाही.

बाबा, तुमच्यासाठी क्लेरिगुशचा मनोरा आहे, 75 मीटर उंच, दोनशेवर पायऱ्या. आईला खाली कॉफी घेऊन बसवू. लेलो नावाचं प्रसिद्ध पुस्तकांचं दुकान मी वगळलंय. दुकानात शिरायला तिकीट आणि वर रांग, हे काही पटत नाही. त्यापेक्षा साओ बेंतोच्या दालनात तासभर काढा. भिंतींवर वीसेक हजार निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, जॉर्ज कोलासू या चित्रकाराने रंगवलेल्या. त्यांत 1415 ची सेउटाची लढाई आहे, पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं ते शहर घेतलं ती. पुढे शंभरेक वर्षांनी याच लोकांनी आपल्या रेवदंड्याला कोट बांधला, आणि खाडीपलीकडे कोर्लईची माणसं घरात जी बोली बोलतात तीही त्यांच्याच भाषेतून आलेली. तुम्ही कान देऊन ऐका, काही ओळखीचं लागतं का बघू.

एक दिवस आगगाडीने पिन्यांवला, द्राक्षमळ्यांतल्या गावाला. सुमारे अडीच तास. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसायचं, दोरू नदी त्या बाजूला. तोवर द्राक्षतोडणी उरकलेली असते, पण डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांवर पानं पिवळी-तांबडी झालेली असतात. मला विचाराल तर याच दिवसासाठी ऑक्टोबर अखेर धरली.

पाऊस लागणार. आपल्यासारखा कोसळत नाही, पण समुद्रावरून तिरपा येतो आणि रस्त्यांवरचे दगड गुळगुळीत होतात. बाबांच्या कोल्हापुरी घरीच ठेवा, रबरी तळाचे बूट घाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून बाहेरचं सगळं दुपारी चारच्या आत.

जेवणाचं म्हणाल तर बाबांची चंगळ. सुकवलेल्या खारवलेल्या कॉड माशाचे जिन्नस मिळतील. आई, काल्दु वेर्द म्हणून बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप असतं, त्यात सॉसेजची चकती टाकतात. ती टाकू नका हे आधी सांगावं लागतं. पाश्तेल द नाता दिसायला साधं, पण आत अंड्याचा बलक असतो. मात्र रस्त्यावरचे भाजलेले चेस्टनट खुशाल खा. गाडीवरून पांढरा धूर येत असतो, मीठ लागून सालं राखेसारखी पांढुरकी झालेली, कागदात गुंडाळून देतात. सोलताना बोटं भाजतात.

तिकिटं मी शुक्रवारी काढणार आहे. दिवाळीच्या आत तुम्हाला रेवदंड्याला परतायचंय की इथेच करायची, हे त्याआधी ठरवून कळवा. फराळ आणायचा ठरलाच तर चकल्या हातातल्या बॅगेत ठेव, आई. मागच्या वेळी सामानात टाकल्या होत्यास त्यांचा भुगाच हाती आला.

तुमची,
मनू